कुणाची गं तू?

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपली आणि आम्ही मायलेकी माझ्या माहेरच्या मूळ गावी गेलो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आमचे गाव. वाड्याच्या आता भिंतीच उरल्या आहेत. पण चुलत्यांचे बिऱ्हाड शेजारी आहे, आणि वर्षातून एकदा तरी तिथे पाऊल टाकून यावे असा माझा नेम आहे. एस.टी.तून उतरून पाराजवळ आलो, तो पारावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी आमच्याकडे पाहिले. मला त्यांनी ओळखले नसावे. त्यांची नजर माझ्या बारा वर्षांच्या लेकीवर थांबली.

"कुणाची गं तू, पोरी?"

लेकीने आपले नाव सांगितले.

"नाव झालं. पण कुणाची?"

"आम्ही पुण्याला राहतो. मी सातवीत आहे."

"ते खरं गं. पण हायेस कुणाची?"

आता लेक माझ्या तोंडाकडे पाहू लागली. शाळेच्या परीक्षेत न आलेला प्रश्न पुढे आला म्हणजे मुले जशी पाहतात तशी. मी पुढे होऊन म्हटले, "आप्पा, मी तात्यांची नात. दौंडला रेल्वेत होते ना अण्णा, त्यांची थोरली. अन् ही माझी लेक."

"म्हंजे तात्याची पणती! आगं मग तसं सांग की!" म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी बंडीच्या खिशातून खोबऱ्याचा एक तुकडा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि लेकीच्या हातावर ठेवला. माझ्या लेकीने नाव, गाव, शाळा सगळे सांगितले होते. पण खोबरे मिळाले ते पणजोबांच्या नावावर.

चुलत्यांच्या घराकडे जाताना ती फणकाऱ्याने म्हणाली, "आई, मी काय छत्री आहे? वर्गात छत्री सापडली की आमच्या टीचर अशाच वर धरून विचारतात, कुणाची गं ही?"

मी हसले. हसण्यावारी नेले म्हणा ना! पण मराठी शिकवणाऱ्या बाईला एखाद्या शब्दाचे कुसळ टोचले की ते निघेपर्यंत चैन पडत नाही. त्या रात्री चुलत्यांच्या ओसरीवर पडल्या पडल्या मी तोच प्रश्न उलटसुलट करीत राहिले. कुणाची गं तू?

खरे म्हणजे या प्रश्नावरच मी वाढले आहे. माझे बालपण दोन गावांत वाटले गेले होते. वडील रेल्वेत, म्हणून शाळा दौंडला. सुट्टी लागली की मुक्काम आजीकडे, शिरूरच्या बाजूला. सुट्टीत आजीचे बोट धरून घोडनदीच्या बाजाराला जायचे. शिरूर गावाला आमच्याकडे जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. बाजारात दहा पावले गेले की कुणीतरी थांबवणार आणि हनुवटी धरून विचारणार, "कुणाची गं तू?" मी आजोबांचे नाव सांगे. मग विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आमचा वाडा, विहीर, बांध, भाऊबंदकी असे सारे चित्र उभे राही, आणि त्या चित्रात एका कोपऱ्यात मला बसवून तो निर्धास्त होई. मला ते फार आवडे. आपण कुठेतरी आधीच लिहिलेल्या आहोत, असे वाटे.

दौंडचा कारभार निराळा. तिथला दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून ते जंक्शनचे गाव. आमच्या रेल्वे कॉलनीत एका बाजूला तेलुगू फिटर, दुसऱ्या बाजूला तमिळ तिकीट तपासनीस, समोर एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचे कुटुंब. तिथे कोण कुणाचा हे विचारून उपयोगच नव्हता. उत्तर मिळाले तरी कुणाला काय कळणार? तिथे विचारीत, "कुठल्या खात्यात?" किंवा "कुठून बदली झाली?" अण्णांना दौंड फार प्रिय. ते म्हणत, "इथं माणसाला तिकीट विचारतात, कूळ नाही."

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन तेव्हा दौंडला काढून मागच्या टोकाला जोडीत. आलेली गाडी आली त्या तोंडाने परत निघाल्यासारखी वाटे, आणि डब्यातली नवखी माणसे घाबरून विचारीत, "अहो, आपण परत चाललो की काय?" अण्णांना ही गंमत सांगायला फार आवडे. पुढे जायचे म्हणजे कधी कधी उलट्या तोंडानेच जावे लागते, हे मला त्या फलाटावर कळले होते. त्याचा अर्थ कळायला मात्र उशीर लागला.

आजीच्या घरची घोड दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. म्हणजे शिरूरचे पाणी शेवटी दौंडालाच येते. पण ते पाणी आले म्हणून तो प्रश्न दौंडाला आला नाही.

हा प्रश्न आपल्याच मातीतला, असा माझा इतकी वर्षे समज होता. तो मोडला एका ई-मेलने. दौंडच्या त्याच कॉलनीत वाढलेला माझा एक जुना विद्यार्थी आज स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या लुईस नावाच्या बेटावर रुग्णालयात नोकरी करतो. मराठीच्या तासाला तो मागच्या बाकावर झोपत असे. परदेशी गेल्यापासून मात्र लांबलचक मराठी पत्रे लिहितो. दूर गेल्यावर भाषेला जाग येते म्हणतात, ते असे.

त्याने लिहिले होते: 'मॅडम, आज दुकानात एका म्हाताऱ्याने शाळेतल्या पोराला अडवून विचारलं, "को लेश ऊ?" पोरानं बापाचं नाव सांगितलं, मग आजोबांचं. म्हातारा खूश. मी शेजारच्याला विचारलं, काय म्हणाले हो? तो म्हणाला, "कुणाचा रे तू?" मॅडम, मला वाटलं मी घोडनदीच्या बाजारात उभा आहे.'

ही भाषा गेलिक. आयर्लंडातली आयरिश ही तिची सख्खी बहीण. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले आणि पश्चिमेच्या बेटांवरचे लोक ती पिढ्यान् पिढ्या बोलत आले. १८७२ साली स्कॉटलंडात शिक्षणाचा कायदा झाला; त्यात गेलिकला जागाच नव्हती. शाळा इंग्रजी झाल्या, आणि घरातली भाषा शाळेच्या फाटकाबाहेर राहिली. २०११ च्या शिरगणतीत साऱ्या स्कॉटलंडात ती बोलणारे सुमारे ५७ हजार भरले.

मग मी त्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारून भंडावून सोडले. मिळतील ती पुस्तके मागवली आणि म्हातारपणी नवे व्याकरण घेऊन बसले. चाळिशी ओलांडली की आम्ही प्राध्यापक मंडळी स्वतःला म्हातारी म्हणवून घ्यायला लागतो, ते सोडा. पण त्या व्याकरणात मला जागोजागी ओळखीची माणसे भेटू लागली. 'को' आणि आपले 'कोण', संस्कृतातले 'कः' ही एकाच प्राचीन घराण्यातली भावंडे आहेत. हे झाले शब्दांचे. त्याहून मौज वाटली ती वाक्यांच्या घडणीची.

इंग्रज म्हणतो, मी भुकेला आहे. गेलिक माणूस म्हणतो, भूक माझ्यावर आहे. आपण म्हणतो, मला भूक लागली. भूक कुठून तरी येते आणि मला लागते, जशी ठेच लागते, जशी उन्हाची तिरीप लागते. राग मला येतो, झोप मला येते, आठवण मला येते. इंग्रज म्हणतो, मी मराठी जाणतो. आपण म्हणतो, मला मराठी येते. जणू ती कुठल्याशा गावाहून पायी चालत माझ्या दारी आली आहे. गेलिक माणूस म्हणतो, गेलिक माझ्याजवळ आहे. त्याच्या भाषेत 'असणे' आहे, पण मुठीत धरून ठेवण्याचे स्वतंत्र क्रियापद नाही. पुस्तक, घर, भाऊ, दुःख, जे काही असेल ते त्याच्यापाशी असते किंवा त्याच्यावर असते. आपलेही तसेच: माझ्याकडे पुस्तक आहे, मला दोन भाऊ आहेत.

आता यावरून इंग्रज अहंकारी आणि आपण निरहंकारी, असा निकाल कुणी काढू नये. वाक्यात कर्त्याला खाली बसवूनही माणूस व्यवहारात अहंकारी राहू शकतो, हे कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अर्धा तास बसले तरी कळेल. एवढे मात्र खरे की रोज ज्या वाक्यांतून आपण बोलतो त्या वाक्यांच्या खिडकीतूनच जग आधी दिसते. 'मी' मधोमध उभा आहे आणि सारे त्याच्या हुकमात आहे, असे एका खिडकीतून दिसते. 'मी' ओसरीवर बसला आहे आणि भूक, झोप, राग, माणसे अशी पाहुण्यांची ये-जा चालू आहे, असे दुसरीतून दिसते. अशा ओसरीवरच्या माणसाला कुणीही "तू कोण?" असे विचारीत नाही. "कुणाचा?" असेच विचारणार.

नावांचेही असेच. गेलिक गावात माणसाला बापाच्या आणि आजाच्या नावाने ओळखतात: अमक्याचा तमका, त्याचा हा. आपली नावाची तीन पदरी रीत तीच सांगते. गेलिक भाषेत या सगळ्या जाणिवेला एक शब्द आहे, 'दूखस'. वडिलोपार्जित जागा, तिच्यावरचा न लिहिलेला हक्क, रक्तातून आलेले वळण आणि 'मी इथला' ही भावना, हे सारे त्या एका शब्दात मावते. आपल्याकडे 'वतन' हा शब्द थोडाफार जवळ जातो. दूखस. कानाला तो 'दुःख' या शब्दासारखा लागतो. मी ही कोटी विद्यार्थ्याला कळवली, तेव्हा त्याने लिहिले, 'मॅडम, इथल्या लोकांना सांगितलं तर ते मान डोलावतील.'

कारण त्यांचा इतिहासच तसा आहे. तिथल्या टोळ्यांचे सरदार आपल्या लोकांना आपले म्हणत, आणि लोक सरदाराचे म्हणवीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र सरदारांना कळले की माणसांपेक्षा मेंढ्यांचे उत्पन्न जास्त. पुढे शंभर वर्षे खेडीच्या खेडी उठवली गेली. माणसे समुद्रकाठच्या नापीक पट्टीत गेली, कॅनडाला गेली, कितीतरी सैन्यात गेली. 'आमचा' म्हणणाऱ्याने हात वर केले की 'कुणाचा?' या प्रश्नाचे काय होते, ते त्या लोकांनी भोगले आहे.

सैन्यात गेलेल्यांवरून मला एकदम आमचे शिरूर आठवले. माझ्या आजीच्या तोंडी 'सत्पुरुष' असा शब्द असे. लहानपणी मला तो कुणी साधू वाटे. कॉलेजात गेल्यावर कळले की तो चक्क गोरा कर्नल!

वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या मदतीला म्हणून जी इंग्रजी फौज ठेवली गेली, तिची छावणी शिरूरला होती. तिचा सेनापती कर्नल विल्यम वॉलेस. तो ७४ व्या हायलँड पलटणीचा. हायलँड म्हणजे गेलिकचाच डोंगराळ मुलूख. खुद्द वॉलेस हे आडनाव स्कॉटलंडच्या सखल भागातले, तेव्हा त्याला मी गेलिक म्हणणार नाही; पण त्याची पलटण त्या मुलखाच्या नावाची होती. १८०३ च्या आसईच्या लढाईत तो आणि त्याची पलटण होती. त्याच वर्षी गाविलगडच्या वेढ्यात जड तोफ डोंगरावर चढवणे अशक्य आहे असे त्याला कुणी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, अशक्य कसे, हुकूम तर माझ्या खिशात आहे! अशी त्याची आठवण सांगतात. १८०९ च्या मे महिन्यात, वयाच्या ४७ व्या वर्षी तो शिरूरला वारला. तिथल्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे.

इथवर काही विशेष नाही. साहेबांची थडगी देशभर आहेत. विशेष ते पुढेच. शिरूरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवले. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की सुगीच्या दिवसांत लोक नव्या धान्याचा पहिला वाटा त्याच्या थडग्यावर नैवेद्य म्हणून आणतात. वारल्याला पाऊणशे वर्षे झाली होती. त्याला पाहिलेले कुणी उरले नसेल. तरी पहिले कणीस त्याला! आपल्याकडे नव्या धान्याचा वाटा कुणाला देतात? देवाला, पितरांना, घरच्यांना. जो कुणाचाच नव्हता, ज्याचे कूळ हजारो मैलांवर, त्याला शिरूरच्या शेतकऱ्यांनी "कुणाचा रे तू?" असे विचारले, आणि उत्तर द्यायला तो उरला नव्हता म्हणून आपणच देऊन टाकले: आमचा.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने वर्गात सांगत असे. आमची माती कशी मोठ्या मनाची, वगैरे. त्या उत्साहाच्या भरात माझ्याकडून एक चूक घडली. ती इथे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गात हजेरी घेताना एका मुलाच्या नावापुढे आमच्या शेजारच्या गावाचे नाव दिसले. माहेरचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. मी भर वर्गात म्हटले, "अरे वा! मग कुणाचा रे तू?"

मुलगा उभा राहिला. बोलेना. मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, "मॅडम, रोल नंबर चाळीस." वर्ग हसला. मीही हसले.

वर्ष संपताना तो पुस्तक परत करायला आला. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो. आमच्या पणजोबांना गावात कुणी हा प्रश्न विचारला की ते उत्तर द्यायच्या आधी पायातली वहाण काढून हातात घेत. मी पाहिलेलं नाही, वडील सांगतात. पण तुम्ही विचारलंत, अन् माझा पाय आपोआप बुटात आखडला."

मी काय बोलणार? ज्या प्रश्नाने मला बाजारात उचलून कडेवर घेतले होते, त्याच प्रश्नाने त्याच्या घरच्यांना खाली उतरवले होते. माझ्या आजोबांचे नाव ऐकून लोकांचे चेहरे उजळत, कारण ते नाव उजळण्याजोगे मानलेले होते. दुसऱ्या कुणाच्या उत्तराने तेच चेहरे मिटत असतील, हे मला कधी सुचले नाही. खोबरे खाणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही.

जरा वेळाने मी विचारले, "मग आता कुणी विचारलं तर तू काय सांगशील?"

तो म्हणाला, "आम्ही सगळे एक जानेवारीला कोरेगावला जातो. त्या खांबावर नावं आहेत. मी त्यांचा."

कोरेगाव भीमा आमच्याच तालुक्यात. १८१७ च्या ३१ डिसेंबरला एक तुकडी शिरूरच्या त्याच छावणीतून निघाली आणि १ जानेवारी १८१८ ला भीमेच्या काठी पेशव्यांच्या फौजेशी लढली. तिथल्या जयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतल्या अनेकांच्या शेवटी 'नाक' आहे, महार शिपायांची खूण. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि त्या दगडावरची नावे एका समाजाचे उत्तर झाली. एका छावणीचे दोन दगड. एकावर परक्याला आपला म्हणणाऱ्यांची माया आहे. दुसरा, आपल्यांनीच परके ठरवलेल्यांना आपले नाव परत देतो. इतकी वर्षे मी वर्गात पहिल्याचीच गोष्ट सांगत होते.

बायकांचीही या प्रश्नाशी झटापट आहेच. आजी म्हणे, "बाईमाणसाला हा प्रश्न दोनदा इचारत्यात, अन् दोन्ही बारीला उत्तर पुरुषाचंच." लग्नाआधी मी तात्यांची नात होते; लग्नानंतर गावात माझी ओळख 'पुण्याला दिलेली' अशी झाली. दिलेली! एम.ए. होऊन, नोकरीला लागून, मी व्याकरणदृष्ट्या कर्मच राहिले. आजीच्या घरी गिरणीचे पीठ आले तरी डाळीसाठी जाते होते. ते फिरू लागले की आजीच्या तोंडून ओवी सुटे, आणि तीत ती कुणाची हे तीच ठरवी: कधी भावाची, कधी विठ्ठलाची, कधी नदीपलीकडच्या एका मैत्रिणीची. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी प्वातव्हँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखावर ओव्या जमवल्या. शिरूर तालुक्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. लुईस आणि त्याच्या भोवतालच्या बेटांवर बायका ओले लोकरी कापड फळीवर आपटून घट्ट करीत आणि तालावर आळीपाळीने गात. तिथे कापड गिरणीतून येऊ लागले, इथे पीठ. गाणी मागे राहिली ती ध्वनिफितींवर. दोन्हीकडच्या बायकांना लोकांपुढे उत्तर द्यायला जागा नव्हती. म्हणून त्यांनी ते कामाच्या तालात दिले.

एवढे सगळे त्या रात्री ओसरीवर मनात आले. पण लेकीला काय सांगायचे ते सुचेना. प्रश्न टाकून द्यावा, तर माझे अर्धे बालपण त्याच्याबरोबर जाते. ठेवावा, तर तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो, बुटात पाय आखडून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडला आलो. अण्णा आता नाहीत; पण समोरच्या आंटी अजून तिथेच एका लहान घरात राहतात. ऐंशी उलटली आहे. दौंडला गेले की त्यांच्या हातचा केक खाल्ल्याशिवाय सुटका नसते. केक खाता खाता अण्णांच्या शेवटच्या आजाराचा विषय निघाला. रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले तेव्हा मी पुण्यात होते. शेजारच्या तेलुगू फिटरच्या मुलाने रिक्षा आणली. आंटी गाऊनवरच रिक्षात बसल्या. दवाखान्यातल्या माणसाने विचारले, "पेशंटबरोबर कोण आहे?" आंटी म्हणाल्या, "मैं हूँ." त्याने विचारले, "आप कौन लगती हैं?" आंटींनी हे मला मागेही सांगितले होते, पण त्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, "बेटा, मुझे हिंदी में रिश्ता याद ही नहीं आया. मैंने बोला, हमारा आदमी है, जल्दी करो!"

माझ्या हातातला केक तसाच राहिला. गेलिक प्रश्नाचा शब्दशः अर्थ मला वहीत लिहून ठेवलेला होता, पण तो तोवर माझ्या लक्षात आला नव्हता. 'लेश' म्हणजे 'बरोबर'. गेलिक माणूस 'हे माझे आहे' असे म्हणताना 'हे माझ्याबरोबर आहे' असे म्हणतो. तेव्हा 'को लेश ऊ' याचा अक्षरार्थ 'कुणाचा तू' असा नसून 'कुणाबरोबर तू' असा आहे. दवाखान्यातल्या त्या माणसाने अण्णांविषयी नेमके हेच विचारले होते. जिथे कुणी कूळ विचारीत नाही म्हणून अण्णांना हायसे वाटे, त्याच दौंडात शेवटी तो प्रश्न आला. आणि एका निराळ्या भाषेच्या, निराळ्या धर्माच्या बाईने त्याचे उत्तर दिले.

परतीच्या गाडीत गर्दी होती. लेक खिडकीशी बसली होती. मी तिला वॉलेसची गोष्ट सांगितली, कोरेगावची सांगितली, आणि बरेच मागेपुढे होऊन माझ्या वर्गातली चूकही सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, त्या दादाला तू सॉरी म्हणालीस?"

"म्हणाले," मी सांगितले. "पण भर वर्गात विचारलं होतं, आणि सॉरी म्हटलं ते स्टाफरूममध्ये."

"मग ते अर्धंच झालं," ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला मी ही हकिगत नव्या वर्गाला सांगते, त्या मुलाचे नाव न घेता आणि माझी चूक न लपवता. हजेरीत आता माझा एकच प्रश्न असतो: "तुला काय म्हणून हाक मारू?" तो काही फार मोठा प्रश्न नाही. पण त्याचे उत्तर देताना अजून कुणाचा पाय आखडलेला मला दिसला नाही.

यंदा भाऊबीज झाली की आम्ही पुन्हा गावी जाणार आहोत. चुलत्यांचा फोन होता. आप्पा ठणठणीत आहेत आणि पारावरच असतात. म्हणजे प्रश्न येणार हे नक्की. लेकीने या वेळी उत्तर तयार ठेवले आहे म्हणते. काय ते विचारले, तर मान वळवून हसते.

"तुला कशाला सांगू? आप्पांनी मला विचारलंय."